बेसुराचा उतारा

क्षिप्राने लाकडी दांडक्याने पितळी वाडग्याच्या काठावर टोला दिला आणि स्मिताच्या दिवाणखान्यात घुंऽऽ असा आवाज भरून राहिला. स्मिताचा नवरा पद्माकर आरामखुर्चीत डोळे मिटून बसला होता. वाडगा त्याच्या कानापासून जेमतेम वीतभर अंतरावर. आवाज विरत गेला, त्याच्या डोळ्यातून एक थेंब गालावर ओघळला आणि क्षिप्राने ओठांवर बोट ठेवून स्मिताकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आत्ता या फ्लॅटमध्ये प्रत्यक्ष देव येऊन गेला असावा.

"बघितलंत काकू? आत कुठेतरी पोचतंय."

स्मिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पक्षाघात झाल्यापासून पद्माकरच्या डोळ्यांना पाणी येतच असे. नूडल्सच्या जाहिरातीला येई, लिफ्टमध्ये शेजारणीच्या कुत्र्याने शेपूट हलवलं तरी येई. मेंदूला असा मार बसला की रडण्याचा नळ सैल होतो, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण हे क्षिप्राला सांगायचं कोणी? आणि सांगून ती ऐकणार होती थोडीच?

पद्माकरच्या गाण्याच्या बैठकीत येणारी क्षिप्रा वाईट मुलगी नव्हती, हीच तर पंचाईत होती. बँकेतली चांगली नोकरी सोडून ती बालीला कसलासा कोर्स करून आली होती आणि आता सिंगापुरातल्या तिओंग बारूमध्ये नादोपचाराचे वर्ग घेत होती. काकांवर तिचा खरोखर जीव होता. त्यांच्यासाठी ती वाडग्यांचं ते गाठोडं उचलून MRT ने, म्हणजे मेट्रोने, त्यांच्या क्लेमेंटीच्या घरापर्यंत येई. ज्याच्यावर धड ओरडताही येत नाही असं माणूस घरात येऊन वाडगे बडवायला लागलं, तर बाईने करायचं काय? स्मिता आत जाऊन कणीक तिंबत बसे. त्या दिवसांत त्यांच्याकडे पोळ्या फार मऊ होत.

पद्माकरचं बोलणं गेलं ते हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांत, कॉफीच्या रांगेत. नेहमीची कॉफी मागायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते नुसतं "ते ते ते". काउंटरवरच्या बाईला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग त्याचा उजवा हात खाली लोंबला. जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत उभी हयात काढलेला, पंपाच्या नुसत्या आवाजावरून त्याचं बेअरिंग केव्हा जाणार ते सांगणारा माणूस. पाय सुधारले, हातही थोडा हलू लागला. समजायचं त्याला सगळं. पेपर वाचायचा, बुद्धिबळात मुलाला, वरुणला, हरवायचा. फक्त बोलायला गेला की ते ते ते. पुढे नाही, मागे नाही.

आणि बोलणं ही तर त्याची जहागीर होती. सिंगापुरात आल्या वर्षीच त्याने गाण्याची बैठक सुरू केली होती. महिन्यातून एकदा, कोणाच्या तरी घरी. बँकेतले, हिशेबखात्यातले, रिफायनरीतले लोक जमत. प्रबोध पेटीवर बसे, बायका डबे घेऊन येत. मधोमध पद्माकर. तो गायचा छान आणि ऐकायचा त्याहून छान. योग्य जागी मान हलायची, योग्य जागी "वा" यायचा, आणि सूर घसरला की कपाळावर एकच आठी पडायची. त्या आठीला भलेभले टरकून असत.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने काहीतरी म्हणायचं असं ठरलं होतं. स्मिताने आईकडून शिकलेलं एक भावगीत निवडलं. ध्रुवपद झालं, पहिलं कडवं झालं. सूर चुकला तर ते स्मिताला कानांनी कधीच कळत नसे, समोरच्याच्या तोंडाकडे बघून कळे. त्या दिवशी ती डोळे मिटून गात होती. दुसरं कडवं उचलणार तेवढ्यात तबला थांबला. डोळे उघडून बघते तर पद्माकरने हात वर केलेला. तो हसत म्हणाला, "स्मिता, तू चहाचं बघ."

सगळे हसले. तीही हसली आणि उठून चहाचं बघायला गेली. तेव्हापासून ती चहाचंच बघत आली होती. घरातल्या आरतीला ती नुसत्या टाळ्या वाजवी. वरुण लहान असताना अंगाई म्हणायची सोडून ती त्याच्या पाठीवर थोपटत बसे. दिवसभर तुआसला जाऊन शिपिंग कंपनीचे हिशेब चोख करणारी ही बाई गाण्याचा विषय निघाला की स्वतःच आधी सांगून टाकी, "मला बाई गळाच नाही." दुसऱ्याने सांगण्यापेक्षा ते बरं. पद्माकर तर तो प्रसंग कधीच विसरून गेला होता. त्याला विसरणं परवडत होतं.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये वाचा-उपचाराला हुई मिन नावाची चिनी मुलगी होती. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. तिने पहिल्याच भेटीत पद्माकरला वाढदिवसाचं गाणं म्हणायला लावलं आणि ज्या तोंडातून एक शब्द निघत नव्हता त्यातून अख्खी ओळ बाहेर आली, शब्दांसकट. स्मिता खुर्चीतून उठून उभीच राहिली.

हुई मिनने समजावलं ते असं. बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला, ती जळली. गाण्यात उजवी बाजूही कामाला लागते, ती शाबूत आहे. ही काही नवी गोष्ट नाही. जवळपास तीनशे वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये एका शेतकऱ्याच्या मुलाची वाचा गेली होती. त्याला बोलता येईना, पण चर्चमध्ये बाकीच्यांबरोबर तो प्रार्थनागीतं शब्दांसकट म्हणे. लोकांनी ते लिहून ठेवलं आणि विसरले. मग पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत काही जणांनी त्यातून पद्धत बसवली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य घ्यायचं, ते दोन सुरांत म्हणायचं, एक सूर वर, एक खाली. रोग्याचा डावा हात हातात घेऊन प्रत्येक अक्षराला टेबलावर ठोका द्यायचा. आधी आपण म्हणायचं, मग बरोबर, मग त्याने एकट्याने. हळूहळू सूर काढून घ्यायचे, वाक्य मागे राहतं. स्मिताला स्वीडनची गोष्ट फार आवडली, कारण त्यात उदबत्ती नव्हती.

"पण मला मराठी येत नाही," हुई मिन इंग्रजीत म्हणाली. "घरची भाषा पाहिजे. आंटी, यू सिंग विथ हिम एव्हरी डे. कॅन?"

"कॅनॉट," स्मिता म्हणाली.

"व्हाय कॅनॉट?"

"माय सन विल सिंग. ही सिंग्ज व्हेरी वेल."

हुई मिनने खांदे उडवले आणि घरात लागणारी वाक्यं विचारली. स्मिताने सांगितली. पाणी हवं. भूक लागली. दिवा लाव. आणि मग, का कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "माझं चुकलं."

"मीन्स?"

"यूजफुल सेंटेन्स," स्मिता म्हणाली. "ही हॅज नेव्हर यूज्ड इट." चाकाच्या खुर्चीतल्या पद्माकरने तिच्याकडे असं पाहिलं, की त्याला सगळं समजतं याबद्दल कोणाला शंका राहू नये.

तर वरुण गायला लागला. तो बँकेतून थेट येई, टाय सैल करी, बाबांसमोर बसे आणि सुरेख, गोल आवाजात "पाणी हवं" म्हणे. वरुणचा गळा बापानेच तयार केला होता. शनिवारी क्षिप्रा येई. तिने तर त्या एवढ्याशा दोन सुरांत सगळी रागदारी ओतली. पद्माकर डोळे मिटे. मान डोले. डावा हात मांडीवरून अलगद उचलला जाई आणि समेला खाली येई. डोळ्यातून पाणी. "वा" म्हणायचंही त्याला जमत नसे, पण चेहऱ्यावर ते अगदी लिहिलेलं असे. वरुण आणि क्षिप्रा एकमेकांकडे भरल्या डोळ्यांनी बघत आणि पद्माकरच्या तोंडून चकार शब्द निघत नसे.

महिनाभराने वरुणने केलेला व्हिडिओ हुई मिनने पाहिला. दोनदा पाहिला. मग फोन बाजूला ठेवला.

"आंटी, ही इज द ऑडियन्स, लाह," ती सिंगापुरी हेल काढून म्हणाली.

स्मिता घरी येईस्तोवर त्या वाक्यावर दात खात होती. खरंच तर होतं. जन्मभर या लोकांनी एकच शिस्त पाळली होती. चांगलं गाणारा गात असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही, ऐकायचं आणि दाद द्यायची. हे सगळे मोठे गाणारे-ऐकणारे, आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही की आपण आजारी माणसाला औषध न देता त्याच्यासमोर बसून ते स्वतःच पितोय. हुई मिनने आणखी एक गोष्ट सांगितली होती. महिनाअखेर तपासणी होती. तोवर एखादं वाक्य आलं नाही तर गाण्याचा नाद सोडून चित्रांचा फळा द्यायचा. तिने तो दाखवलाही. संडासाचं चित्र, ग्लासाचं चित्र, पलंगाचं चित्र. बोट ठेवायचं की समोरच्याला कळतं. पद्माकरने डाव्या हाताने तो फळा टेबलावरून खाली भिरकावला आणि MRT मध्ये स्मिताकडे पाठ करून बसला. जसा काही तिनेच बनवला होता तो फळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आरामखुर्चीतून स्वयंपाकघराकडे हात करून "ते ते" करू लागला. स्मिताने चष्मा दिला. नाही. रिमोट दिला. नाही. पेपर, उशी, फोन. त्याने खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला आणि तिच्याकडे डोळे वटारले. मग मात्र तिचा बांध फुटला. सकाळपासून ती या माणसाला अंघोळ, औषधं, जेवण सगळं करत होती, आणि वर हे डोळे. तिने खुर्ची ओढली, त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, त्याचा डावा हात घट्ट धरला आणि दांड्यावर दाणदाण आपटत जिवाच्या आकांताने गायली, "पाऽऽणी हऽऽवं! हेच ना? पाऽऽणी हऽऽवं!"

पद्माकरच्या कपाळावर आठी पडली.

स्मिताने ती ओळखली. क्लेमेंटीच्याच जुन्या फ्लॅटमधली, त्या पहिल्या बैठकीतली, तीच आठी. बोलणं गेलं, अर्धा मेंदू गेला, आठी मात्र जशीच्या तशी शिल्लक. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती मुद्दाम आणखी मोठ्याने गायली. त्याने मान जोरजोरात हलवली. तिच्या हातातला हात सोडवून घेतला, दांड्यावर स्वतः ठोका दिला आणि नाराजीने, शिकवणीच्या मास्तरासारखा, तो सूर तिला दाखवून दिला.

"पाऽणी," तो गायला. "हवं."

पंखा फिरत होता. खाली कोणीतरी बस चुकली म्हणून ओरडत होतं. आपण काय केलं हे पद्माकरच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. स्मिताने पाणी आणलं. त्याला आधाराने पाजलं. नवऱ्याचा पहिला शब्द ऐकून बाईला आनंद व्हायला हवा, तो झालाही, पण त्याच्या आधी एक वेगळीच गोष्ट झाली होती आणि ती तिने स्वतःपासून लपवली नाही. तिला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली होती. आयुष्यभर मला गप्प केलंस, आणि आज बोललास तेही माझी चूक काढायला.

मग ती रोज गायला लागली. दारं-खिडक्या उघड्या टाकून गायली. भूक लागली. दिवा लाव. जितकी ती चुके, तितका तो चवताळून बरोबर करी, आणि बरोबर करता करता बोले. शेजारच्या मलय बाईने कॉरिडॉरमध्ये काळजीने चौकशी केली, तिला स्मिताने सांगितलं की औषध चालू आहे. वरुणला सांगितलं, तो धावत आला, बाबांसमोर बसून सुरात "पाणी हवं" म्हणाला आणि पद्माकरने समाधानाने डोळे मिटले. पुन्हा श्रोता.

फक्त एका वाक्याला तो बधत नव्हता. स्मिता "माझं चुकलं" गायली की तो ओठ आवळून घेई. ती आणखी बिघडवून गाई. त्याचे कान लाल होत, आठीच्या दोन आठ्या होत, पण तो दात-ओठ खाऊन तो बेसूर सोसत बसे. हे त्याच्या कानांना किती जाचत असेल याची तिला कल्पना होती. एवढं सोसायची तयारी होती, पण तेवढं वाक्य म्हणायची नव्हती. "नका म्हणू," ती त्याला सांगे. "मी उद्या परत गाईन."

या सगळ्याचा बोभाटा व्हायचा तो झालाच. पद्माकरकाका बोलू लागले. आणि ते कशाने बोलू लागले याबद्दल बैठकीतल्या कोणाच्याही मनात शंका नव्हती. वाडग्यांनी. क्षिप्राने स्वतः ग्रुपवर नम्रपणे लिहिलं की नाद आपलं काम करतो, आपण निमित्त. महिन्याची बैठक वरुणच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये होती. या वेळी गाण्याच्या आधी क्षिप्राचं भाषण ठेवलं गेलं, नादोपचाराच्या इतिहासावर. काका पहिल्या रांगेत बसणार होते.

"बाबांना असं मांडून ठेवू नकोस," स्मिताने वरुणला बजावलं. "आणि लोकांसमोर त्यांना काही विचारायचं नाही. हुई मिनने सांगितलंय, एकदम प्रश्न विचारला की त्यांची वाचा बसते."

"आई, क्षिप्रा किती मनापासून करतेय. तू उगाच रागावतेस."

"उगाच," स्मिता म्हणाली आणि त्यापुढे बोलली नाही. बोलली असती तर मुलाशी कायमचं फाटलं असतं.

बैठकीच्या दिवशी ती मागच्या ओट्यापाशी चहाचे थर्मास लावत उभी होती. क्षिप्रा छान बोलत होती, हेही खोटं नाही. सामगानापासून सुरुवात झाली. मग ग्रीसची देवळं आली, तिथे रोग्यांना गाणं ऐकवत. मग तुर्कस्तानातली जुनी इस्पितळं, तिथे आजाऱ्यांसाठी वादक नेमलेले असत. मग आपल्याकडचं, अंगात आलेल्या बाईसमोर वाजणारी हलगी. मग कुठल्या रागाने कुठलं दुखणं जातं त्याचा तक्ता. लोक माना डोलावत होते. स्मिता कप मांडता मांडता ऐकत होती आणि तिला एक गोष्ट खटकायला लागली. हजारो वर्षांच्या या कहाणीत सगळे त्या आजाऱ्याच्या कानाशी वाजवत होते. तो स्वतः तोंड उघडतोय असं कुठेच नव्हतं. तो फक्त पडून होता.

भाषण संपलं. क्षिप्राने मोठा वाडगा उचलला, पद्माकरच्या कानाशी नेला, टोला दिला. आवाज विरेपर्यंत सगळे श्वास धरून बसले. मग ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसून प्रेमाने म्हणाली, "काका, आज तुम्हीच सांगा सगळ्यांना. कसं वाटतंय?"

पद्माकरने तोंड उघडलं. "ते," तो म्हणाला. "ते ते. ते ते ते."

त्याने पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणल्या. कपाळावर घाम आला. ज्या लोकांसमोर तो वर्षानुवर्षं मधोमध बसला होता ते लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. बायकांच्या बाजूला कोणीतरी नाक ओढलं. वरुण खाली मान घालून उभा होता. "हरकत नाही काका," क्षिप्रा कापऱ्या आवाजात म्हणाली, "मौनातही नाद असतो," आणि तिने प्रबोधला खूण केली. प्रबोधने पेटीचा भाता उघडला. सावरून घ्यायचं, गाणं सुरू करायचं, की सगळं झाकलं जातं.

स्मिताने हातातला थर्मास ओट्यावर ठेवला नाही. तो तसाच हातात घेऊन ती खुर्च्यांमधून पुढे आली.

"क्षिप्रा, ऊठ तिथून."

ती उठली. स्मिताने थर्मास जमिनीवर ठेवला, तिच्या जागी खुर्ची ओढून बसली आणि पद्माकरचा डावा हात धरला. हात गार पडला होता. तिने त्याच्या गुडघ्यावर ठोका धरला आणि भर सभेत, एवढ्या तयारीच्या कानांसमोर, गायली, "पाऽणी हवं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. प्रबोधने भल्या मनाने पेटीवर तिला सूर दिला.

"पेटी बंद करा भाऊजी," ती मागे न बघता म्हणाली. "सुरात गायलं की हे ऐकत बसतात. तुम्ही सगळ्यांनी मिळून यांना ऐकायला बसवलंय. एवढा इतिहास सांगितलास ना क्षिप्रा, त्यात एकाने तरी आजाऱ्याला विचारलं का, तू गाशील का म्हणून? मी विचारलं. मला गाता येत नाही म्हणून विचारलं. आता गप्प बसा सगळे."

 ती पुन्हा गायली. आठी पडली. तिने तिसऱ्यांदा म्हटलं आणि पद्माकरने वैतागून तिच्या हातातला हात सोडवला, गुडघ्यावर ठोका दिला. "पाऽणी हवं," तो गायला, खणखणीत.

कोणीतरी "अरे" म्हणालं. वरुणने तोंडावर हात दाबून धरला. स्मिता थांबली नाही. "दिवा लाव." तिचं चुकलं, त्याने दुरुस्त केलं. "भूक लागली." चुकलं, दुरुस्त केलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या ऐकून पद्माकरच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी परत आलं, ते मधोमध बसणं. आणि नेमकं तेच बघून स्मिताचा राग, जो आता उतरायला हरकत नव्हती, तो पुन्हा उफाळला. बरा होऊन हा काय होणार होता? पुन्हा तोच. पुन्हा हात वर करणारा.

तिने त्याचा हात परत धरला. टाळ्या थांबायची वाट पाहिली.

"माझं चुकलं," ती गायली.

पद्माकरने ओठ आवळले.

"माझं चुकलं." खोलीत कोणालाच काही कळत नव्हतं. पण वरुणने मान वर केली. ती पुन्हा गायली, आणि पुन्हा, घसा बसेपर्यंत, प्रत्येक वेळी वेगळी चूक करत, कारण एकच चूक दोनदा करण्याइतकंही तिला गाणं येत नव्हतं. पद्माकर तिच्याकडे बघत होता. मग त्याची नजर खाली गेली. तिच्या पायाशी थर्मास होता. चहाचा. तो बराच वेळ त्या थर्मासकडे बघत राहिला. त्याला तो प्रसंग आठवला की नाही, स्मिताला सांगता आलं नसतं, पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या आणि कपाळ हळूहळू सपाट झालं. आठी गेली.

त्याने हात सोडवून घेतला नाही. तिच्याच हातात ठेवून ठोका दिला.

"माझं," तो गायला. "चुकलं."

स्मिता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दुरुस्ती करतानाची मास्तरकी तिथे नव्हती, पण तिच्या कानांना काही कळत नव्हतं. ती वळली आणि सवयीने, समोरच्याचं तोंड वाचायला, तिने प्रबोधकडे बघितलं. प्रबोधने पेटीवरचे हात मांडीवर घेतले होते.

"काय झालं, भाऊजी?"

"वहिनी," तो म्हणाला, "पद्माकर बेसूर गायला."

"थकले असतील."

"नाही. तुमचाच सूर होता तो. शेवटचा. जसाच्या तसा चुकीचा." प्रबोधने नजर खाली केली. "त्याला चुकून असं गाता येत नाही. मी इतकी वर्षं ओळखतो त्याला."

 स्मिताचा राग गेला, असं झालं नाही. एवढा जुना राग दोन शब्दांनी जात नसतो आणि जाऊही नये. पण तो पहिल्यांदा तिच्याकडून त्याच्याकडे पोचला होता आणि त्याने तो घेतला होता. तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. जरा जोरातच पुसला.

खोलीतल्या लोकांना आता पुढे काय करायचं ते सुचेना. तेव्हा असे लोक जे करतात तेच त्यांनी केलं. कोणीतरी घसा खाकरून म्हणालं, "वहिनी, चहा घेऊ या का आता?"

"घ्या की," स्मिता म्हणाली. "दुसरं कोणीतरी बघा चहाचं. माझं एक कडवं राहिलंय."

तिने पायाशी असलेला थर्मास उचलून क्षिप्राच्या हातात दिला आणि ती पद्माकरसमोर खुर्चीत नीट सावरून बसली. आईचं ते भावगीत तिला अजून पाठ होतं. तिने दुसरं कडवं उचललं. या वेळी डोळे उघडे ठेवले होते. पद्माकरचा चेहरा पहिल्या ओळीलाच पिळवटला, दुसऱ्या ओळीला त्याने डोळे घट्ट मिटले, पण डावा हात मांडीवर ठोका देत राहिला, आणि शेवटपर्यंत वर गेला नाही.